हिरडीवर नसलेला मणी

१

माझा खालचा जबडा चोरीला गेल्याची बातमी मला सकाळी साडेनऊला फोनवर कळली. मी तेव्हा दुधात पाव बुडवून गिळत होतो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, जागेवर तर आहे!"

चोरीला गेला होता तो प्लास्टरचा जबडा. दवाखान्याच्या मागच्या खोलीतल्या कुलूपबंद कपाटातून तो नाहीसा झाला होता. डॉक्टरबाईंचा आवाज फोनवर पार उतरलेला होता.

"काका, आज येऊ नका. काम होणार नाही. आणि मास्तरांचंही मला आज काय ते ठरवावं लागेल."

मी छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. 'इकडे येऊ नका' असं कोणी म्हटलं, की तिथला हद्दीचा दगड हमखास हललेला असायचा. दहा वाजता मी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होतो.

थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या खालच्या हिरड्यांत एकही दात उरलेला नाही. दातओठ खायचे म्हटले तर नुसते ओठच खावे लागतात. डॉक्टरबाईंनी जबड्याच्या हाडात चार इम्प्लांट रोवले, म्हणजे धातूचे चार बारके खुंट, आणि काही महिने ते हाडात मुरू दिले. आता त्यांवर सगळ्या दातांचा एकसंध ब्रिज स्क्रूने आवळायचा होता. त्यासाठी ते चार खुंट एकमेकांपासून किती अंतरावर, किती उंच, कुठल्या अंगाला कललेले, याचं माप बिनचूक लागतं. केसभर चुकलं तरी ब्रिज डुगडुगतो.

माप घ्यायच्या रीती दोन. जुनी रीत मास्तरांची. मास्तर म्हणजे मागच्या खोलीत तीस वर्षं दात घडवत बसलेले गृहस्थ. खुंटांवर धातूच्या चार काड्या बसवायच्या, त्या तोंडातच गुलाबी रेझिनच्या पट्टीने एकमेकींना जोडायच्या, मग ट्रेमध्ये जांभळा रबरी लगदा भरून वरून दाबायचा. लगदा घट्ट झाला की काड्या आणि पट्टी यांच्यासकट ते माप बाहेर. काड्यांना नकली खुंट जोडून वर प्लास्टर ओतलं, की झाला माझा जबडा तयार. नवी रीत स्कॅनरची. खुंटांवर चार छोट्या स्कॅन-खुंट्या लावायच्या आणि टॉर्चएवढा कॅमेरा तोंडभर फिरवायचा. पडद्यावर जबडा उमटतो, फाइल जाते, यंत्र ब्रिज कोरून देतं. हा स्कॅनर चालवायची मास्तरांची मुलगी. दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत, बाप मात्र ठमे म्हणूनच हाक मारायचा.

दोन्ही रीती सांभाळणं डॉक्टरबाईंना जड जात होतं. त्यांनी ठरवलं, निकाल माझ्या तोंडावर लावायचा. एकाच सोमवारी दोघांनी माप घ्यायचं आणि आपापला ब्रिज आणायचा. स्कॅनचा चांगला बसला, तर महिनाअखेरीला मागची खोली रिकामी करायची आणि मास्तरांनी घरी बसायचं. बाप आणि लेक समोरासमोर, आणि मी आपला आखाडा.

काल दोन्ही ब्रिज लावून पाहिले. दोन्ही नापास झाले. "उद्या प्लास्टरच्या जबड्यावर बसवून पाहू, म्हणजे दोष कुठे ते कळेल," असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आणि आज जबडाच नव्हता.

२

"मास्तरांनीच फोडला असणार, दुसरं कोण?" डॉक्टरबाई म्हणाल्या. टेबलावरचा चहा तसाच निवत होता. "कपाटाचं कुलूप शाबूत आहे. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी मावशींकडे. तपासणी झाली असती तर त्यांची चूक उघडी पडली असती. काका, मी त्यांच्याकडूनच शिकले हो. मला ज्या दिवशी दातावर साधी टोपी बसवता येत नव्हती, त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून शिकवलं. त्यांनी नुसतं 'चुकलो' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

मावशी म्हणजे हत्यारं धुऊन, उकळून, जागच्या जागी ठेवणाऱ्या बाई. दवाखान्यातल्या प्रत्येक ड्रॉवरवर त्यांची नजर.

"कालची तपासणी पुन्हा सांगा बरं," मी म्हटलं. "मी आ वासून पडलो होतो. मला फक्त छत दिसत होतं."

"ब्रिज ठेवायचा आणि डाव्या टोकाचा एकच स्क्रू आवळायचा. ब्रिज खरा असेल तर उजवं टोक जागचं हलत नाही. काल ते वर उचललं गेलं."

"किती?"

"नखाच्या जाडीएवढं."

"कुठल्या ब्रिजचं?"

"दोन्हींचं."

"मास्तरांचंही उजवं, ताईचंही उजवं? आणि दोन्हीकडे नखाएवढंच?"

डॉक्टरबाई उत्तर देता देता थांबल्या. "हो," त्या सावकाश म्हणाल्या. "अगदी हुबेहूब. पण त्यात काय?"

मी खिशातली वही काढून ते टिपून घेतलं. मला त्यात बरंच काही दिसत होतं, पण मोजणी पुरी होण्याआधी नकाशा दाखवायचा नाही, ही माझी जुनी खोड आहे. मी म्हटलं, "मास्तरांना भेटतो."

मागच्या खोलीची दशा झाली होती. सगळे ड्रॉवर उपसलेले, डबे उघडे, प्लास्टरची पोती बाजूला ओढलेली. ही शोधाशोध डॉक्टरबाई आणि मावशींनी केली होती. मास्तर खिडकीपाशी आपल्या स्टुलावर बसून कोणाचा तरी एक दात घासत होते. चष्मा दोरीने गळ्यात, हात स्थिर, पायाशी डब्याची पिशवी. त्यांचं टेबल तेवढं आवरलेलं होतं.

"मास्तर, जबडा कुठे गेला असेल?"

"गेला," ते म्हणाले. "माझंच माप चुकलं होतं. लिहून घ्या. वय झालं."

"तपासल्याशिवाय लिहून घेत नाही मी. सवय नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे ओळीने खिळे होते आणि खिळ्यांना मापाचे ट्रे टांगलेले. एकावर माझा नंबर होता.

"हे अजून ठेवलंय?"

"माणूस नव्या दातांनी जेवेपर्यंत माप फेकायचं नाही," मास्तर म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही फेकलं नाही."

मी ट्रे उतरवून उजेडात धरला. जांभळ्या रबरात माझी हिरडी उलटी उमटली होती. उजव्या टोकाच्या काडीजवळ बाजरीच्या दाण्याएवढा एक गोल खड्डा होता.

"हे काय?"

कामाबद्दल विचारलं की मास्तरांना आखडता हात घेता येत नसे. "हवेचा बुडबुडा. मापात खड्डा, म्हणजे प्लास्टरात तिथे मणी येतो. ब्रिजशी त्याचा संबंध नाही, पण डोळ्यांना खुपतो. मंगळवारी सकाळी आल्या आल्या मी तो खरवडून टाकला."

"सोमवारीच का नाही?"

"सोमवारी पाच वाजता जबडा मापातून सोडवला. ताजं प्लास्टर आत ओलं असतं. मी ते दुसऱ्या दिवशीपर्यंत कपाटात ठेवतो. त्याला कोणी बोटही लावायचं नाही."

एवढं बोलताच ते एकदम माझ्या हातातून ट्रे काढून घेऊ लागले. मी तो दिला नाही.

३

ताईची खोली स्वच्छ, गार, पांढरी. पोरीचे डोळे मात्र रडून सुजले होते. मला पाहताच ती उठून उभी राहिली.

"काका, बाबांनी नाही केलं. ते असं करूच शकत नाहीत."

"मग कोणी केलं?"

"माहीत नाही." हे ती खरं बोलत होती. इतक्या वर्षांत खोटं सांगणारे शेजारी मी इतके पाहिलेत, की खरं बोलणारा माणूस लगेच ओळखू येतो.

"सोमवारी माझा स्कॅन कसा काय झाला होता?"

"छान झाला होता." हे मात्र खरं नव्हतं. त्या दिवशी खुर्चीत मीच होतो ना! तिने तीनदा कॅमेरा फिरवला होता, तिन्ही वेळा यंत्राने मध्येच सूं सूं केलं होतं, आणि ती पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होती. शेवटी "झालं काका" म्हणून तिने मला सोडलं, तेव्हा तिचा चेहरा काही झाल्यासारखा नव्हता.

"दाखव बरं मला माझा जबडा. प्लास्टरचा गेला, निदान हा तरी पाहू."

तिने नाइलाजाने फाइल उघडली. पडद्यावर माझा जबडा गरागरा फिरला. सगळा राखाडी.

"बाकीच्यांचे गुलाबी दिसतात," मी शेजारच्या चित्रांकडे बोट केलं. "माझ्याच हिरड्या मेल्या का?"

"रंग... रंग बंद केलाय. फाइल हलकी होते."

मी खुर्ची पुढे ओढली. उजव्या टोकाशी, चौथ्या खुंटाजवळ, हिरडीवर एक गोल टपोरा मणी होता. बाजरीच्या दाण्याएवढा.

मी जीभ फिरवली. एकदा, दोनदा. माझी हिरडी त्या जागी सपाट होती, गुळगुळीत. तिथे कधीच काही नव्हतं.

"स्कॅन-खुंट्या कुठे असतात तुझ्या?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

तिने छोटी डबी पुढे केली. मी चष्मा लावला. चार खुंट्या, प्रत्येकीला नंबर. तीन लखलखीत होत्या. चौथीच्या तळाशी, आट्यांच्या खाचेत, दोन-तीन पांढरे कण अडकले होते.

मी डबी बंद केली आणि तिच्या हातात दिली नाही, खिशात टाकली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "बाबांना सांगू नका."

४

मावशी धुण्याच्या खोलीत हत्यारं पुसत होत्या. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"माझ्यावर आळ आला तर सगळ्यांना सरळ करीन," त्यांनी मी काही विचारायच्या आतच सांगितलं.

"तुमच्यावर कोण आळ घेणार, मावशी? मला फक्त एवढंच सांगा, त्या सोमवारी कपाटाची किल्ली कोणी मागितली होती का?"

त्यांनी जरा आठवलं. "ताईने. संध्याकाळी, मास्तर गेल्यावर. बाबांचा चष्मा आत राहिलाय म्हणाली. मी दिली. पोर घरचीच."

"मास्तरांचा चष्मा कुठे असतो?"

मावशी बोलायला गेल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "गळ्यात. दोरीला. अंघोळीलासुद्धा काढत नसतील."

"बरं. आणि आज मास्तरांमध्ये काही वेगळं वाटलं?"

"वेगळं म्हणजे? गप्प आहेत. काल संध्याकाळी ताईच्या खोलीत गेले होते, पडद्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. मग चहा न घेताच मागे गेले. आणि आज..." त्यांनी आवाज खाली आणला. "रोज आल्या आल्या डबा माझ्याकडे देतात, फ्रिजमध्ये ठेवायला. आज मी मागितला तर म्हणाले, राहू दे, भूक नाही. भूक नाही तर डबा आणला कशाला?"

मी मावशींना मनोमन नमस्कार घातला. अशी साक्षीदार मला नोकरीत एकदाही मिळाली नाही.

"सगळ्यांना मागच्या खोलीत बोलवा," मी म्हटलं. "आणि डॉक्टरबाईंना सांगा, हातमोजे घालूनच या. माझं तोंड उघडावं लागणार आहे."

५

सगळे जमले. डॉक्टरबाई दारात, मावशी त्यांच्या मागे, ताई भिंतीला टेकून. मास्तर स्टुलावरच. मी ट्रे टेबलावर ठेवला.

"जमीन मोजताना आम्ही दोनदा मोजतो," मी सुरुवात केली. "दोन मोजण्यांत थोडा फरक येतोच. साखळी ताणली जाते, ऊन लागतं, हात हलतो. फरक आला की आम्ही खूश असतो. पण दोन मोजण्या हुबेहूब जुळल्या, चुकीसकट जुळल्या, तर समजायचं की दुसरी झालीच नाही. कोणीतरी झाडाखाली बसून पहिलीवरून उतरवून काढली. काल दोन ब्रिज नापास झाले. दोन्हीचं उजवंच टोक, दोन्हीकडे नखाएवढंच. एक हाताने केलेला, एक यंत्राने. अशा दोन रीती एकसारख्या चुकतील कशा?"

डॉक्टरबाईंनी ताईकडे पाहिलं. मास्तर ताडकन उठले.

"चूक माझीच आहे म्हणून सांगितलं ना मी! कशाला खोलात जाताय?"

"कारण तुमचा डबा जड आहे, मास्तर."

मी पुढे झालो. "वस्तू हरवली की ज्याची ती असते तो सगळ्यात जास्त शोधतो. इथे सगळ्यांनी शोधलं, तुम्ही शोधलं नाही. द्या."

मास्तरांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि रुमालात गुंडाळलेला माझा जबडा टेबलावर ठेवला.

"घरी नेला होता," ते म्हणाले. "फोडायला हातोडी उचलली. हात चालेना. घरी ठेवावा तर हिला सापडेल. म्हणून परत आणला."

"पण का, मास्तर?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक चूक लपवायला?"

"स्वतःची नाही," मी म्हटलं. "काल पडद्यावर त्यांना आपलाच मणी दिसला. हा बघा मापातला खड्डा. यातून प्लास्टरात मणी आला. माझ्या तोंडात तो नाही, हवं तर बोट लावून बघा. मग तोंडाच्या स्कॅनमध्ये मणी आला कुठून? स्कॅन तोंडाचा नव्हताच. प्लास्टरच्या जबड्याचा होता. म्हणून रंग बंद, म्हणून खुंटीच्या आट्यांत पांढरे कण. मास्तरांनी ते ओळखलं. जबड्यावर त्या मण्याची खरवडलेली खूण अजून आहे. तो शेजारी ठेवून पाहिला असता, तर तुम्हीही ओळखलं असतं. पोरीची नक्कल उघडी पडू नये म्हणून त्यांनी जबडा उचलला, आणि आपलं माप चुकलं असं म्हणून खोली सोडायला तयार झाले."

ताई भिंतीपासून पुढे आली. "बाबा..."

"तू गप्प बस, ठमे."

"नाही बसणार!" ती रडतच होती. "तीनदा फिरवला हो कॅमेरा. नुसती ओली, गुळगुळीत हिरडी. यंत्राला कळेचना आपण कुठे आहोत. एका टोकाकडून निघायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सगळं वाकडं. मॅडमना काय सांगू? म्हणून बाबांचा जबडा काढला आणि त्यावर खुंट्या लावून स्कॅन केला. वाटलं, बाबांचं माप कधी चुकत नाही. काल चुकलेलं दिसलं तेव्हा... तेव्हा मी बोलले असते तर माझी चोरी आणि त्यांची चूक, दोन्ही उघडी पडली असती."

मास्तर खाली बसले. "शेवटी माझा हात चुकलाच," ते स्वतःशीच म्हणाले.

"ते अजून ठरायचंय," मी म्हटलं.

६

"डॉक्टरबाई, या रबरातून ती गुलाबी पट्टी कापून काढा. चारही काड्यांसकट."

त्यांना माझं म्हणणं एका क्षणात कळलं. त्यांनी धारदार पातं घेतलं, रबर सोलून काढलं, पट्टी मोकळी केली. ही पट्टी माझ्या तोंडातच घट्ट झालेली होती. चार खुंट कुठे आणि कसे आहेत, हे तिला जेवढं ठाऊक, तेवढं कोणालाच नव्हतं. हद्दीच्या भांडणात आम्ही जुना दगड शोधतो, तसा हा दगड.

मी खुर्चीत पडलो. डॉक्टरबाईंनी पट्टी माझ्या तोंडात बसवली आणि डाव्या टोकाचा एकच स्क्रू आवळला. सगळे वाकून पाहत होते. माझ्या तोंडात इतकी डोकी एका वेळी कधी डोकावली नव्हती.

"हलली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजवं टोक जागेवर आहे. माप अचूक आहे, मास्तर!"

"आता जबड्यावर," मी म्हटलं. निदान म्हणायचा प्रयत्न केला.

जबड्यावर पट्टी ठेवली. ती चौथ्या खुंटावर अडली आणि डुगडुगू लागली.

मास्तरांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, जबडा खिडकीशी नेला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "चौथा खुंट वर आलाय. फिरलाय. भोवती बारीक भेग आहे. मी सोडवला तेव्हा ही नव्हती. मणी खरवडला तेव्हा भुगा उडाला होता सगळीकडे, त्यात भरून गेली असेल. मला दिसली नाही." ते वळले. "सोमवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ. तेवढ्यात कोणी हा आवळला?"

"ताई," मी विचारलं, "स्कॅन-खुंट्या तू कशाने बसवतेस?"

"पान्याने. टक वाजेपर्यंत." ती हे बोलली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "चौथी आधी बसवली. काहीतरी करकरलं. मला वाटलं आट्यांत कण आहे. मग भीती वाटली, म्हणून बाकीच्या तीन बोटांनीच बसवल्या."

"हाडात मुरलेला खुंट पाना सहन करतो," मास्तर म्हणाले. "दोन तासांचं ओलं प्लास्टर नाही करत. ठमे, ठमे! अगं, लहानपणापासून सांगतोय, ताज्या प्लास्टरला हात लावू नकोस."

"आणि मणी होता तेव्हाच स्कॅन झाला, म्हणजे सोमवारी संध्याकाळीच झाला," मी पुरं करून टाकलं. "खुंट हलला, मग त्याचा स्कॅन झाला. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी त्याच हललेल्या खुंटावर ब्रिज घडवला. एकच चूक दोन ब्रिजमध्ये गेली. माप खरं होतं. मास्तरांचा हात चुकला नाही."

मास्तरांनी जबडा खाली ठेवला. मग तो पुन्हा त्याच रुमालात गुंडाळला. इतके दिवस मला त्यांच्याबद्दल आदर वाटत होता. त्या क्षणी माया वाटली.

डॉक्टरबाई मात्र ताईकडे वळल्या. त्यांचा चेहरा कठोर झाला होता. "दुसऱ्याचं माप स्वतःचं म्हणून दिलंस तू. त्यावर मी तुझ्या वडिलांना घरी बसवणार होते."

"मला काढा," ताई म्हणाली. "बाबांना राहू द्या."

"तिला नको, मला काढा," मास्तर लगेच म्हणाले.

"कोणी माझं ऐकणार का?" मी खुर्चीतून ओरडलो. "जबडा माझा आहे. निकाल माझ्या तोंडावर लावायचा ठरलाय, आणि माझ्या तोंडाची खरी मोजणी अजून एकदाच झालीये. दुसरी बाकी आहे. ती झाल्याशिवाय इथून कोणी कोणाला काढायचं नाही."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "स्कॅन होत नाही म्हणतेय ना ती."

"का होत नाही? उघड्या माळावर मोजताना आमचंही हेच व्हायचं. झाड नाही, दगड नाही, कुठून निघालो कळत नाही. मग आम्ही काय करायचो? मध्ये मध्ये खुंट्या ठोकायचो. नजर ठरते."

बाप आणि लेक यांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

"मणी," ताई म्हणाली.

"रेझिनचे," मास्तर म्हणाले. "खुंटांच्या मधल्या हिरडीवर तीन तीन चिकटवू. मी करून देतो. वेगवेगळ्या आकाराचे."

७

पुढच्या सोमवारी माझ्या हिरडीवर खरोखरच मणी चिकटवले गेले. मास्तरांनी ते चिमट्याने एकेक करून दिले, ताईने कॅमेरा फिरवला. एका टोकाकडून निघाला तो दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत यंत्राने एकदाही सूं सूं केलं नाही. पडद्यावर हिरड्या गुलाबी उमटल्या. मग मास्तरांनी आपल्या रीतीने माप घेतलं, प्लास्टर ओतलं, आणि कपाटाची किल्ली ताईच्या हातात दिली. "उद्या सकाळी तू उघड," एवढंच म्हणाले.

दोन आठवड्यांनी दोन ब्रिज आले. डाव्या टोकाचा एकच स्क्रू. मास्तरांचा ब्रिज हलला नाही. ताईचाही हलला नाही. डॉक्टरबाईंनी मग मास्तरांच्या जबड्याचाही स्कॅन घेतला आणि दोन्ही फाइली पडद्यावर एकावर एक ठेवून फरक मोजला. फरक होता. डोळ्यांना न दिसणारा, केसाहून कितीतरी कमी, पण होता.

"म्हणजे कोणीतरी किंचित चुकलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हणजे दोघांनीही मोजलंय," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने ताईचा संगणक दोघी-तिघींनी उचलून तिकडे नेला आणि खिडकीपाशी, मास्तरांच्या टेबलाला लावून ठेवला. खोली रिकामी होणार नव्हती. आता तिथे दोन स्टुलं होती.

बायको पिशवीत गाजर घेऊन आली होती. "चावून दाखवा," ती म्हणाली. "गेले आठ महिने सगळं शिजवून शिजवून माझा जीव गेला." मी चावलं. कडाड असा आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती माझ्यावरच खेकसली, "हळू खा."

मास्तरांनी भिंतीकडे जाऊन माझा जुना ट्रे खिळ्यावरून काढला. आतली पट्टी कापून नेलेली, रबर फाटलेलं, खड्डा मात्र अजून शाबूत होता. नियमाप्रमाणे आता तो फेकायचा होता.

"बाबा, तो मला द्या," ताई म्हणाली.

"कशाला? माणूस जेवला. माप फेकायचं."

"द्या ना."

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि दिला. तिने टेबलाखालचा हातोडा काढला, आपल्या संगणकाच्या वर एक खिळा ठोकला आणि ट्रे त्याला टांगला. खिळा जरा वाकडा गेला होता. मास्तरांनी तो पाहिला, पण सरळ केला नाही.